अर्धं झाकण, रोज संध्याकाळी

पत्र : काका, महिन्याभरापूर्वी मुलासाठी माशांचा दोन फुटी काचेचा टँक आणला. दोन एंजल, दहा निऑन टेट्रा आणि चार मॉली. निऑन एकेक करत तीन मेले आणि एक तर नुसताच गायब झाला. दुकानदाराने पट्टी बुडवून पाहिली, पीएच ८.२ निघाला. ‘म्हणूनच मरताहेत’ म्हणत त्याने पीएच उतरवायची बाटली दिली. गेले चार दिवस रोज संध्याकाळी अर्धं झाकण टाकते. रात्री पीएच सात-सव्वासात येतो, सकाळी पुन्हा आठच्या घरात. शेजारच्या वहिनी म्हणतात लिंबू पिळा, सासरे म्हणतात तुरटी फिरवा. आमच्याकडे नर्मदेचे नळ एक दिवसाआड येतात, बाकी सगळं बोरिंगवर. वरच्या टंकीत दोन्ही एकत्र होतं. त्यात मुलाला आता वाढदिवसाला डिस्कस मासा हवाय आणि त्याला म्हणे साडेसहा पीएच लागतो. कसा उतरवू?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

ताई, नमस्कार. आधी ती बाटली कपाटात ठेवा, मुलाचा हात पोचणार नाही अशा फळीवर. आज संध्याकाळचं अर्धं झाकण टाकू नका, उद्याचंही नको. लिंबू सरबतात आणि तुरटी दाढीच्या डब्यात राहू द्या. मग निवांत वाचा.

तुमच्या पत्रात मला ८.२ या आकड्याची काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती ‘रात्री सात, सकाळी आठ’ या ओळीची. पीएच म्हणजे पाणी किती आंबट ते सांगणारी मोजपट्टी, आकडा जितका खाली तितकं पाणी आंबट. ती १९०९ साली रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काढली (हो, बिअरवाल्या कार्ल्सबर्गच्याच), आणि तिची खुबी अशी की एक घर सरकलं की आम्लता दहा पटींनी बदलते. म्हणजे तुमचे मासे रोज संध्याकाळी दहा पट आंबट पाण्यात जातात आणि रात्रभरात परत येतात. कायम ८.२ असलेल्या पाण्यात ते शांतपणे राहिले असते. पिण्याच्या पाण्यासाठीचं आपलं भारतीय मानकही ६.५ ते ८.५ पीएच चालवून घेतं. तुमच्या पाण्याला कसला आजार झालेला नाही, ते माळव्याचं पाणी आहे, इतकंच.

माळव्याचं पठार काळ्या बेसॉल्टचं. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं, थोडं आम्लधर्मी होतं आणि खालच्या दगडातून कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडवत जातं. बोरिंगमधून वर येतं तेव्हा त्यात बायकार्बोनेटं, म्हणजे आम्ल शोषून घेणारे क्षार, भरपूर असतात. हे तुम्हाला मी सांगायला नको. गीझरच्या कॉइलवरचा पांढरा थर, स्टीलच्या पिंपावरचे डाग, बोरिंगच्या पाण्यात शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊनही दाताखाली येणारी तुरीची डाळ, हे सगळं त्याचंच. नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून विंध्य चढून १९७८ पासून इंदुरात येतंय. ते सहसा बोरिंगपेक्षा मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, असतं, पण त्यातही बायकार्बोनेटं आहेतच.

या बायकार्बोनेटांचं माप म्हणजे केएच. दुकानदाराने पीएचची पट्टी दाखवली, पण केएच मोजली का? बहुधा नाही. आणि सगळी गंमत तिथेच आहे. केएच म्हणजे घरातली समजूतदार आजी : कुणी आंबट बोललं की ती ते पोटात घालते, बाहेर काही कळू देत नाही. तुम्ही बाटलीतलं आम्ल ओतता, बायकार्बोनेट ते गिळतं आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. हा वायू पाण्यात विरघळलेला असेपर्यंत पीएच खाली दिसतो. रात्रभर तुमचा एअर पंप बुडबुडे सोडत असतो, वायू उडून जातो, सकाळी पीएच पुन्हा वर. दुकानदार म्हणेल झाकण पूर्ण भरा. तसं अजिबात करू नका, कारण दर झाकणासरशी केएच थोडी थोडी संपत जाते. सकाळचा पीएच जवळपास तोच दिसतो म्हणून काही बदललं नाही असं वाटतं, आणि एक दिवस गिळायला काही उरत नाही. त्या संध्याकाळी तेच अर्धं झाकण पीएच पाचच्याही खाली नेतं आणि तो सकाळी वर येत नाही. ‘काल तर सगळे छान पोहत होते’ अशी पत्रं मला येतात, त्यांतल्या बऱ्याच टँकांमध्ये हेच झालेलं असतं. फिल्टरमधले, माशांची घाण पचवणारे उपयोगी जिवाणूही साडेसहाच्या खाली मंदावतात आणि सहाच्या आसपास जवळजवळ काम थांबवतात, म्हणजे दुखण्यात दुखणं.

आता वहिनींचं लिंबू. लिंबात सायट्रिक आम्ल, व्हिनेगरमध्ये ॲसेटिक. पीएच उतरतो, नक्की उतरतो. पण ही आम्लं म्हणजे जिवाणूंचं जेवण. ते ती खातात, खाताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, पाणी दुधाळ होतं, मासे वर येऊन तोंड उघडमीट करतात. शिवाय खाऊन झालं की त्या आम्लाच्या क्षारांपासून बायकार्बोनेट पुन्हा तयार होतं! म्हणजे फिरून केएच तिथेच आणि पीएचही तिथेच. चिंचेचा कोळही याच पंगतीतला. सासऱ्यांच्या तुरटीचं तसं नाही. ती केएच खरोखर खाते, पण मागे ॲल्युमिनियम सोडते, आणि पाणी आम्लाकडे झुकलं की ते माशांच्या कल्ल्यांना बाधतं. गढूळ पाणी निवळायला तुरटी फिरवायची आपली पद्धत पिण्याच्या पाण्यासाठी ठीक होती, टँकसाठी नाही. फरशी धुण्याचं ॲसिड वापरणारे महाभागही मला माहीत आहेत. त्यांच्याविषयी इथे लिहीत नाही.

मग निऑन कशाने मेले? खात्रीने सांगायला मला तुमच्या टँकचं अमोनियाचं माप लागेल आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण महिन्याभराचा टँक, पहिल्याच फेरीत सोळा मासे, म्हटल्यावर माझा पहिला संशय तिकडेच जातो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू नव्या फिल्टरमध्ये नसतात. त्यांचं बस्तान बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे स्वतःच्याच घाणीत असतात, पाणी कितीही काचेसारखं दिसलं तरी.

पीएच जास्त असण्याचा एक खरा तोटा इथे आहे, तो लपवत नाही. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक विषारी, एक बराचसा निरुपद्रवी. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर विषारी रूप जेमतेम अर्धा टक्का असतं, ८.२ ला ते ८ टक्क्यांच्या आसपास जातं. पाणी जितकं गरम, तितकं आणखी वाढतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये टँकचं पाणी आपोआप तिशीला टेकतं. म्हणून दुकानदाराचं म्हणणं अगदीच खोटं नाही. फक्त उपाय अमोनिया हटवण्याचा हवा. पीएच रात्री दाबून सकाळी सोडल्याने तोच अमोनिया रोज नव्याने विषारी होतो.

या आठवड्यात करायचं ते इतकं : अमोनियाचं थेंबवालं किट आणा. अमोनिया दिसला तर रोज एक चतुर्थांश पाणी बदला. एकदम सगळं काढून घासूनपुसून ‘स्वच्छ’ करू नका, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली तर मुळीच धुऊ नका. टँकमधून काढलेल्याच पाण्यात हलका पिळा. खाणं दिवसाआड, चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढंच. मुलाला हे पटवणं सगळ्यात अवघड जाईल. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, तेव्हा अँटी-क्लोरीनचे थेंब टाकल्याशिवाय बादली ओतू नका. आठवड्याभरात नवा मासा एकही नको.

आणि तो ‘नुसताच गायब’ झालेला निऑन? तो एंजलच्या पोटात असणार. एंजल दुकानात नाण्याएवढा असतो तेव्हा त्याच्याशेजारी निऑन शोभून दिसतो. महिना-दोन महिन्यांत तोंड मोठं झालं की निऑन त्याला खाऊ वाटतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातही तो छोटे मासे खातोच, त्यात त्याचा दोष नाही. ही जोडी विकणाऱ्याला मात्र मी दोष देईन. यात पीएच कुठेच येत नाही. उरलेले सहा निऑन वाचवायचे असतील तर एंजलसाठी दुसरं घर बघा. तसेही दोन फुटांचा टँक मोठ्या एंजलना उंचीला अपुरा पडतो.

आता पाण्याकडे. तुमच्या घरची खरी अडचण मला टंकी वाटते. एका आठवड्यात तुम्ही भरता ती बादली नर्मदेची जास्त, दुसऱ्या आठवड्यात बोरिंगची जास्त, उन्हाळ्यात मध्येच टँकरची. माशाच्या दृष्टीने दर रविवारी गाव बदलतो. केएचचं थेंबवालं किट घ्या, ते महाग नसतं. बहुतेक किटमध्ये ५ मिली पाणी घेऊन थेंब टाकत जायचं असतं, निळ्याचं पिवळं झालं की थांबायचं; जितके थेंब तितकी डिग्री. एक डिग्री म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम. नळ आले की थेट नळाखालून एक बाटली भरा, बोरिंगची दुसरी, टँकची तिसरी. तिन्ही मोजा आणि वहीत लिहून ठेवा.

पीएच मोजताना एक खोच आहे. बोरिंगचं पाणी जमिनीतून ताजं येतं तेव्हा त्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, म्हणून पीएच कमी दिसतो. तेच पाणी बादलीत एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा बुडबुड्यांचा दगड) लावून दिवसभर ठेवा आणि पुन्हा मोजा, आकडा वर गेलेला असेल. खरा आकडा हा दुसरा. पट्ट्यांवर फार विसंबू नका, डबा एकदा उघडला की त्या दमट होऊन काहीही रंग दाखवतात. आणि रोज एकाच वेळी मोजा, कारण टँकमध्ये हिरवी रोपं असतील तर दिवसा पीएच थोडा चढतो, रात्री उतरतो.

टँकच्या तळाशी काय आहे, तेही तुम्ही लिहिलं नाहीत. पांढरे संगमरवरी गोटे, गणपतीपुळ्याहून पिशवी भरून आणलेले शिंपले, शंख, पोवळ्याचा तुकडा यांतलं काही असेल तर तेच रोज पाण्यात चुना सोडतंय आणि तुम्ही वरून आम्ल ओतताय. दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाका, फसफसला तर बाहेर. भेडाघाटहून आणलेला संगमरवर असेल तर फसवेल, कारण त्यात मॅग्नेशियम जास्त असल्याने तो सहजी फसफसत नाही. खिळ्याने खरवडून त्या भुकटीवर थेंब टाका. ओंकारेश्वराच्या पात्रातले तांबूस, गुळगुळीत गोटे बहुतेक गारगोटीच्या जातीचे, ते बिनधास्त ठेवा, पण परीक्षा त्यांचीही घ्या.

एवढं करूनही पाणी मऊ करायचं असेल तर त्याला एकच धड रस्ता आहे : बायकार्बोनेट कमी असलेलं पाणी मिसळणं. घरात आरओ असेलच. बोरिंगची केएच १२ असेल आणि निम्मं आरओ मिसळलं, तर मिश्रणाची साधारण ६ होते, हिशेब सरळ आहे. तुमच्या टँकमध्ये गोटे वजा जाता साठ लिटर पाणी धरू. आठवड्याला एक बादली, पंधरा लिटर बदला आणि ती बादली निम्मी-निम्मी असू द्या. टँकची केएच महिन्याभरात बारावरून आठच्या आसपास येईल, दोन महिन्यांत साडेसहाच्या. सावकाश आहे, आणि सावकाशच हवं. निव्वळ आरओचं पाणी कधी भरू नका, त्यात सांभाळून घेणारं काहीच नसतं. नव्या आरओमध्ये बरेचदा मिनरलचं किंवा अल्कलाइनचं काडतूस असतं. ते असेल तर पाणी त्याच्या आधीच्या नळीतून घ्यायला हवं. आरओची टाकाऊ नळी मात्र फरशीसाठीच, त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात. बिल्डिंगला सॉफ्टनर बसवला असेल तर त्याचाही उपयोग नाही, उलट दिशाभूल होते. तो कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम घालतो, साबणाला फेस येतो, डाळ शिजते. बायकार्बोनेट जागच्या जागी आणि पीएचही.

इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर दोन महिन्यांनी मला रागाचं पत्र येईल. केएच निम्मी झाली म्हणून पीएच निम्मा होत नाही. बाकी सगळं तसंच राहिलं तर तो सुमारे ०.३ ने उतरतो. ८.२ चा ७.९. बस्स. मिश्रणाचा फायदा पीएचच्या आकड्यात दिसत नसला तरी माशाला जाणवतो, कारण पाण्यातले एकूण क्षार कमी होतात, आणि मऊ पाण्यातल्या माशाच्या शरीराला खरा ताण त्यांचाच असतो. निऑन आणि एंजल केएच ४ ते ६, पीएच साडेसात-पावणेआठमध्ये मजेत राहतात. बाजारातले निऑन ॲमेझॉन पाहून आलेले नसतात, पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांमध्ये वाढवलेले असतात. त्यांची पिल्लं काढायची तर खरंच मऊ, आम्लधर्मी पाणी लागतं, अंडी कठीण पाण्यात नीट फुटत नाहीत. तुम्हाला पिल्लं काढायची नाहीयेत. उलट तुमच्या मॉलींना कठीण पाणीच मानवतं. केएच फार उतरवली तर त्याच कुरकुरतील.

जूनच्या अखेरीस पाऊस आला की आरओलाही सुट्टी. पहिल्या दोन-तीन सरी गच्ची धुवायला जाऊ द्या, मग उघड्यावर स्वच्छ टब ठेवून थेट आभाळातून पडणारं पाणी धरा. सिमेंटच्या गच्चीवरून पन्हाळीतून आलेलं घेतलंत तर ते वाटेतच चुना चाटून येतं. झाकून ठेवा, नाहीतर डेंग्यूच्या डासांची पैदास व्हायची.

देशी बदामाची पानं तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. इंदुरात रस्त्यारस्त्याला झाडं आहेत, लाल होऊन गळलेलं पान धुऊन, वाळवून, टँकमध्ये एक टाकायला हरकत नाही. पाणी चहाच्या रंगाचं होतं, मासे निवांत होतात, मलाही तो रंग आवडतो. पण केएच बारा असताना ते पान पीएच हलवेल ही आशा सोडा. झाडावर फवारणी होत नाही ना, एवढं बघा. कोकोपीटने पीएच उतरतो असं सांगणारे त्याची पीट मॉसशी (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाशी) गल्लत करतात. आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर रोपांसाठी असतो. पीएच उतरवायला म्हणून सोडलात तर मासे गुदमरतील.

राहिला डिस्कस. मुलाचा हिरमोड होणार, त्याला मी जबाबदार. पण त्याचं कारण साडेसहा पीएच नाही. आपल्याकडे पैदास झालेले डिस्कस सातच्या वरच्या पाण्यातही लोक वर्षानुवर्षं ठेवतात. डिस्कसला २८ ते ३० अंशांचं पाणी लागतं, म्हणजे इंदूरच्या थंडीत हीटर सतत चालू. तो एकटा राहत नाही, पाच-सहा जणांच्या टोळीत राहतो, आणि त्या टोळीला किमान दोनशे लिटरचा टँक हवा. पाणी आठवड्यातून दोन-तीनदा बदलायचं ते वेगळंच. तुमच्या साठ लिटरमध्ये एक डिस्कस कोपऱ्यात काळा पडून बसेल, पीएच कितीही सुंदर असला तरी. वाढदिवसाला त्याला केएचचं किट द्या, थेंब तोच मोजू दे. आणि अमोनिया सलग दोन आठवडे शून्य आला की सुदामानगरच्या पाण्यात बिनतक्रार नांदणाऱ्या प्लॅटी किंवा स्वोर्डटेल, तीन-चार, त्याच्याच पसंतीच्या रंगाच्या. तिन्ही बाटल्यांची केएच मात्र मला नक्की कळवा.